दंडाची कातडी काढायची आहे, तर भूल कुठली?

वजन बरंच उतरलं की दंडाखाली कातडी लोंबते. ती काढून घ्यायची ठरवणाऱ्यांचा पहिला प्रश्न व्रणाचा असतो आणि दुसरा भुलीचा: 'पूर्ण भूल नको, लोकलमध्ये होईल ना?' लोकल म्हणजे निर्धास्त आणि जनरल म्हणजे जिवाशी खेळ, ही समजूत त्यामागे पक्की बसलेली असते. दंडाच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा उलटा पडतो. (सिझेरियनसारखं कमरेत इंजेक्शन घेऊन होईल का, असंही कुणीतरी विचारतंच. नाही होत. त्या भुलीने कमरेखालचा भाग बधिर होतो, दंड नाही.)

भूल ठरवण्याआधी छेद कुठून कुठपर्यंत जाणार ते विचारा. कातडी थोडीच सैल असेल आणि छेद काखेतच लपणार असेल, तर लोकल उत्तम. छेद कोपरापासून काखेपर्यंत असेल तर दोन्ही दंडांना मिळून दोन ते तीन तास लागतात, आणि सोबत लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) असेल तर जास्तच. काख ओलांडून बरगड्यांवर उतरणारा छेद असेल, तर लोकलचा आग्रह धरू नये.

लोकलमध्ये मोठं काम करायचं तर पातळ केलेलं औषध भरपूर प्रमाणात कातडीखाली भरतात. त्याला ट्युमेसंट म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये लायपोसक्शनसाठी ही पद्धत मांडली. मिश्रण साधारण असं: एक लिटर सलाईनमध्ये बधिर करणारं औषध लिग्नोकेन, २ टक्क्यांचं ५० मिली, म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन आणि साडेसात टक्क्यांचा सोडाबायकार्ब १० मिली. सोडाबायकार्बमुळे टोचताना होणारी आग कमी होते, अॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात. पण त्यासाठी भरल्यावर किमान १५-२० मिनिटं थांबावं लागतं. घाईत लगेच चाकू लावला, की रक्तही जास्त जातं आणि दुखतंही.

खरा प्रश्न एकूण मात्रेचा. नेहमीच्या लोकलमध्ये अॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम असते. ट्युमेसंटमध्ये औषध हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून लायपोसक्शन नसताना किलोमागे २८ मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा सुचवलेली आहे. ६० किलोच्या बाईसाठी हे झाले १६८० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या मिश्रणाचे जेमतेम पावणेदोन लिटर, आणि त्यात दोन्ही दंड आले. शेवटच्या टाक्यांना दुखायला लागलं म्हणून वरून २ टक्क्यांची ३० मिलीची एक बाटली रिकामी केली, तर त्यात आणखी ६०० मिलिग्रॅम गेले. हिशेब चुकतो तो इथे. शिवाय गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल चालू असेल, तर यकृतात लिग्नोकेन संथ गतीने मोडू शकतं आणि तेवढ्याच मात्रेला रक्तातली पातळी जास्त चढू शकते. गोळ्यांच्या यादीत ते आवर्जून सांगा. चेहऱ्याची पुरळ असो वा मांडीची खाज, कुठलीही गोळी 'किरकोळ' म्हणून वगळू नका.

ब्लॉक, म्हणजे नसांच्या जुडग्याजवळ औषध देऊन अख्खा हात बधिर करणं, ऐकायला आकर्षक वाटतो. पण मानेजवळच्या किंवा काखेतल्या ब्लॉकने हात बधिर झाला, तरी दंडाची आतली बाजू आणि काख यांचा काही भाग छातीच्या दुसऱ्या मज्जातंतूकडून येणाऱ्या फांदीवर चालतो. ती वेगळी बधिर करावी लागते, आणि नेमका छेद तिथूनच जातो. दोन्ही बाजूंना मानेजवळ ब्लॉक दिला, तर श्वासपटलाच्या दोन्ही नसा एकदम सुस्तावण्याचा धोका असतो. वर काही तास दोन्ही हात निकामी. पाण्याचा पेलासुद्धा दुसऱ्याने धरायचा.

मधला मार्ग म्हणजे ट्युमेसंट आणि सेडेशन, म्हणजे शिरेतून गुंगीचं औषध. चांगला आहे, पण 'थोडं झोपेचं इंजेक्शन' या शब्दांवर भाळू नका. मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल यांत हलकी गुंगी आणि गाढ झोप यांच्यामधली रेघ पुसट असते. अशा गाढ झोपेत श्वासासाठी नळी घातलेली नसते, जीभ मागे पडते आणि ऑक्सिजन उतरतो. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच एका हाताने सेडेशन देणं मान्य करू नये. वेगळा भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हवा, आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटरही. घोरणं, स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा बरंच जास्त वजन असेल तर गाढ सेडेशनपेक्षा नळी घालून दिलेली पूर्ण भूल जास्त सुरक्षित, कारण श्वास तुमच्या गुंगीच्या भरवशावर राहत नाही.

पूर्ण भुलीचाही एक बारकावा इथे वेगळा आहे. दोन्ही हात निर्जंतुक क्षेत्रात असल्याने रक्तदाबाचा पट्टा पायाला बांधतात आणि सलाईनची सुई पायावर किंवा झाकलेल्या हातावर असते. हात ९० अंशांपेक्षा जास्त वर ताणले तर काखेतल्या नसांना ओढ बसते, म्हणून भूलतज्ज्ञ मधूनमधून हात तपासतात. बेरिअॅट्रिक (वजन घटवण्याची) शस्त्रक्रिया झालेल्यांनी, आणि शाकाहारींनीही, बी-१२ आधी तपासून घ्यावं. कमतरता असताना नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू दिला, तर नसांना इजा होऊ शकते. आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या असतील तर तसं सांगा. मग वायूऐवजी प्रोपोफॉलवर भूल ठेवता येते आणि उलटी थांबवणारी औषधं आधीच देता येतात.

वजन किंवा साखर उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइड घेत असाल तर ते लपवू नका. पोट रिकामं व्हायला उशीर लागतो आणि भुलीत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोस पुढे ढकलायचा की आदला दिवस फक्त पातळ आहार घ्यायचा, हे भूलतज्ज्ञाने ठरवावं. उपाशी राहण्याचे आकडे सेडेशनलाही तेच: हलकं खाणं ६ तास आधी बंद, तेलकट ८ तास, साधं पाणी २ तास. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, त्याला ६ तास.

लोकल किंवा सेडेशननंतर त्याच दिवशी घरी सोडतात. ट्युमेसंटमधलं लिग्नोकेन रक्तात सर्वांत जास्त चढतं ते साधारण १२ तासांनी. सकाळी १० ला औषध भरलं असेल, तर रात्रीचे १० वाजतात. तेव्हा ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव किंवा बोलणं अडखळणं जाणवलं, तर झोप येतेय म्हणून पडून राहू नका. लगेच रुग्णालय गाठा. अशा वेळी उतारा म्हणून शिरेतून द्यायचं २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रावण) तिथे आहे का, हे तारीख ठरवतानाच विचारून घ्या. त्या रात्री घरात जागं राहणारं माणूस हवं, आणि त्याच्याकडे भूलतज्ज्ञाचा नंबर हवा. रिसेप्शनचा नको, ते ८ ला बंद होतं.