कॉर्नियात प्रतिकारशक्ती पोचत नाही का?

नेत्रदानाबद्दल बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. किडनीसाठी एवढं जुळवून बघतात, मग कॉर्नियासाठी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यासाठी, सहसा रक्तगटही का बघत नाहीत? तिथे शरीराची प्रतिकारशक्ती पोचतच नाही का?

पोचते. किंबहुना ती तिथेच मुक्कामाला असते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण अर्धवट उत्तराचा फटका रोपण झालेल्या माणसाला बसतो.

निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, लसिकावाहिन्याही (प्रतिकार करणाऱ्या पेशी ज्यांतून ये-जा करतात त्या नळ्या) नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा प्राणवायू मुख्यतः अश्रूंमार्फत हवेतून घेतो. रक्तच नाही, तर प्रतिकार करणाऱ्या पेशी येणार कुठून? त्या कडेला असतात, मधला भाग मोकळा, असं बरीच वर्षं मानलं जाई.

2000 नंतर हे चित्र बदललं. उंदरांच्या कॉर्नियाच्या अगदी मध्यभागी डेंड्रिटिक पेशी सापडल्या. परकं काही आढळलं की त्याची वर्दी लसिकाग्रंथींपर्यंत नेणाऱ्या या पेशी. मात्र इथे त्या बहुतांशी अपरिपक्व असतात आणि दाह झाला की पक्व होतात.

माणसाच्या बाबतीतलं काम मला विशेष आवडतं. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकानं जिवंत डोळ्यातल्या पेशी थेट बघता येतात. पण स्थिर चित्रात फांद्या नसलेली प्रत्येक छोटी पेशी अपरिपक्व डेंड्रिटिकच समजली जायची. मेलबर्नच्या संशोधकांनी काही मिनिटांच्या अंतरानं त्याच जागेची चित्रं घेऊन ती जोडली आणि 2023 मध्ये निष्कर्ष मांडले. त्या छोट्या पेशींपैकी कितीतरी सरसर फिरत होत्या. त्या टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) होत्या, निरोगी डोळ्यात गस्त घालणाऱ्या!

म्हणजे पेशी आहेत, पण हात राखून आहेत. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या द्रवात त्यांना शांत ठेवणारी टीजीएफ-बीटासारखी द्रव्यं असतात. कॉर्नियाच्या पेशींवरच्या फास लिगँड या प्रथिनाला चाल करून आलेली पेशी भिडली, तर तीच मरते. त्वचेवर व्रण राहिला तर चालतं, इथे राहिला तर दृष्टी जाते. हा संयम मला शरीरातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो.

पण तो सुटतो. जंतुसंसर्गानं किंवा रसायनानं भाजल्यामुळे कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरल्या असतील, तर रोपण नाकारलं जाण्याचा धोका बराच वाढतो. धोका कमी असलेल्या डोळ्यातही तो शून्य नसतो, आणि काही वर्षांनीसुद्धा उद्भवू शकतो. म्हणून रक्तगट जुळवला नाही तरी स्टेरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालावे लागतात. ‘आता छान दिसतंय’ म्हणून ते आपल्या मनानं बंद करू नका. रोपण झालेला डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वेळेत उपचार मिळाले तर नाकारलं जाऊ लागलेलं रोपणही अनेकदा वाचवता येतं.