पाटीवर तारीख नसते, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हित्ती भाषेचा, म्हणजे प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती राज्याच्या भाषेचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरांत लिहिलेलं असतं, पण तारीख नसते, मग अमुक पाटी कधीची हे सांगता कसं?

आधी दोन वयं वेगळी काढायची. मजकुराचं एक, पाटीचं दुसरं. अनित्ता राजा इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला. त्याच्या पराक्रमाचा मजकूर जुन्या वळणाच्या एका पाटीवर मिळतो आणि कितीतरी पिढ्यांनंतरच्या नकलांतही. भाषा जुनी पण अक्षराचं वळण नवं, म्हणजे नक्कल. ‘हा’ या अक्षराचं चिन्ह पाहा. जुन्या लेखनात त्याला दोन तिरके टोचे असतात, उशिराच्या लेखनात पुष्कळदा एकच. अर्थात एका चिन्हावरून निकाल द्यायचा नाही. म्हातारा लेखनिक तरुणपणीचंच वळण गिरवत असणार.

तुर्कस्तानातल्या बोआझकाले इथे, म्हणजे हित्तींची राजधानी हत्तुशा होती तिथे, १९०६ पासूनच्या उत्खननात सुमारे ३०,००० तुकडे निघाले. हित्तीचे फ्रेंच अभ्यासक एमानुएल लारोश यांनी १९७१ च्या सूचीत क्रमांक दिले ते मजकुरांना, पाट्यांना नव्हे. अनित्ताचा क्रमांक १. त्यामुळे एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या काळातल्या नकला शेजारी शेजारी येतात. मला ही सूची फार मोठी गोष्ट वाटते.

कधीकधी लेखनिक स्वतःच सांगून जातो. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातली हित्ती राणी पुदुहेपा मूळची दक्षिणेकडच्या किझ्झुवात्नाची, हुरियन या शेजारच्या लोकांच्या देवदेवतांच्या मुलखातली. हिशुवा नावाच्या धार्मिक उत्सवाच्या पाट्यांच्या पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या शेवटच्या टिपेत, लिहिलंय की राणीने मुख्य लेखनिक वलवाझितीला किझ्झुवात्नाच्या पाट्या हत्तुशात शोधायला सांगितलं आणि त्या दिवशी त्याने या पाट्या उतरवून घेतल्या. म्हणजे पाट्या राजधानीत आधीच आलेल्या होत्या, शोधायच्या तेवढ्या राहिल्या होत्या! कुणी सांगितलं, कुणी उतरवलं, सगळं दोन ओळींत. या पुष्पिकेवर माझा फार जीव आहे.

हुरियन मजकुरांचं काम जास्त कठीण, कारण भाषाच अजून पुरती उलगडलेली नाही. १९८३ पासून हत्तुशातच ‘मुक्तीचं गीत’ हे दीर्घ काव्य तुकड्यातुकड्यांनी मिळू लागलं. डाव्या रकान्यात हुरियन, उजवीकडे हित्ती भाषांतर. त्यात दृष्टान्तही आहेत, त्यांपैकी एक हरणाची गोष्ट. डोंगराने हाकललेलं हरीण दुसरीकडे चरून माजतं आणि त्या डोंगरालाच शिव्याशाप देतं. डोंगरही उलट शाप देतो. पुढे सांगितलंय की हे हरीण नव्हे, माणूस आहे, आपलं गाव सोडून पळालेला. मग लगेच, ही गोष्ट राहू दे, दुसरी सांगतो.

पाट्या इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराच्या. गीताची मुख्य कथा मात्र सीरियातल्या एब्ला नगरीची, पाट्यांहून बरीच जुनी. या दृष्टान्तांचा मुख्य कथेशी संबंध काय, पाट्यांचा क्रम कसा लावायचा, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. दृष्टान्त गीताचाच भाग असावेत असं मला वाटतं. पण क्रमाचा निकाल लागायला तुटल्या कडांचे आणखी काही तुकडे जुळावे लागतील.