दव आहे काकू, जाईल

मी सायकल मेकॅनिक. चिंचवडला छोटं दुकान आहे, आणि ग्रुप राइड असली की आयोजक मला सपोर्ट व्हॅनवर बोलावतात. काम ऐकायला मजेचं वाटतं, की हा माणूस पवना धरणाच्या भोवती फिरतो आणि वर पैसे घेतो. खरं काम असं की पहाटे साडेचारला व्हॅन भरायची, सगळ्यांच्या मागे पंधराच्या स्पीडने गाडी रेंगाळत ठेवायची आणि कोणाची ट्यूब फुटली की उतरायचं. ड्रायव्हर दिवसभर शिव्या देतो कारण दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जातच नाही.

ही राइड बुधवारची होती, आणि मी बुधवारच्याच घेतो. शनिवार-रविवार त्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे टेंटवाल्यांच्या गाड्या, स्पीकर आणि उघड्या सनरूफमधून बाहेर आलेली डोकी. त्यात 2025 मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला, आता तर विचारूच नका. मधल्या वारी मात्र रस्ता रिकामा असतो. लोणावळ्याहून औंढोलीकडून दुधिवरे खिंड, खाली तलाव, काले कॉलनी, मग जवण, तिकोना पेठ, मोरवे, तुंगच्या खालून घुसळखांबला वर आणि परत लोणावळा, असे 60-65 किलोमीटर. खिंडीतून खाली उतरताना एका वळणावर पवनेचं पाणी अचानक समोर येतं. पलीकडे तिकोना तिकोनाच दिसतो आणि तुंग उलटा ठेवलेला शंकू. मी शंभर वेळा पाहिलंय तरी ड्रायव्हरला तिथे गाडी हळू घ्यायला सांगतो. धरणातून सोडलेलं हेच पाणी नदीने आमच्याकडे येतं, रावेतला उचलतात, तेच मी घरी पितो, त्यामुळे जरा आपलेपणाही आहे.

शांत रस्त्यावर मेकॅनिकचा एक फायदा असतो, सायकल ऐकू येते. व्हॅनची काच खाली ठेवली की पुढे वीस मीटरवर कोणाची चेन कोरडी आहे, कोणाचा हँगर, म्हणजे मागचा गिअर जिथे अडकवतात ती पट्टी, वाकलाय म्हणून गिअर टिकटिक करतोय, कोणाचा बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या मधलं बेअरिंग, प्रत्येक पेडलला एकदा कुरकुरतोय, मी बसल्या जागी सांगतो. याचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्या दिवशी चौदा सायकली होत्या. आयोजकाने चेकिंगला दिली वीस मिनिटं. पार्किंगमध्ये अजून अंधार, डिसेंबरची सुरुवात, दव इतकं की सीटवर हात फिरवला तर पाणी निथळायचं. वीस मिनिटांत चौदा म्हणजे एका सायकलला दीड मिनिटही नाही. टायर दाबायचा, चाकांची क्विक रिलीज बघायची, हँडल हलवून हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, बघायचा, दोन्ही ब्रेक लिव्हर दाबायच्या आणि पुढच्याकडे. खरं तर सायकल चालत्या वेगाने ढकलून एकदा पुढचा, एकदा मागचा ब्रेक मारून बघायला पाहिजे. मी दुकानात प्रत्येक सायकलला बघतो. तिथे नाही बघितलं. लिव्हर घट्ट लागली, केबल बरोबर होती, ब्रेकच्या पॅडला जाडी होती, टिक मारली आणि शीटवर सही केली.

त्यात एक काकू होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, डिस्क ब्रेकची हायब्रीड. सायकल इतकी चकाचक की मी म्हटलं पण, काकू शोरूममधून आणली का आत्ता? त्या हसल्या, म्हणाल्या, ह्यांना छंद आहे.

औंढोलीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. "दादा, ब्रेक ओरडतोय हो. आणि नेहमीसारखा पकडत नाहीये."

आता दवाने रोटर, म्हणजे चाकावरची ती डिस्क जिला पॅड दोन्ही बाजूंनी पकडतात, ओला झाला की डिस्क ब्रेक ओरडतोच. दोन-चार वेळा ब्रेक मारला की पाणी सुकतं, आवाज जातो, ब्रेक पकडायला लागतो. प्रत्येक थंडीत प्रत्येक राइडला निम्मे लोक हेच विचारायला येतात. माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मी म्हटलं, "दव आहे काकू, जाईल." ग्लास खालीसुद्धा ठेवला नाही.

चढावर कोणी ब्रेक मारत नाही, त्यामुळे खिंडीपर्यंत काही नाही. उतार सुरू झाला, बाकीचे सुसाट गेले, काकू शेवटच्या आणि त्यांच्या मागे आम्ही. पहिल्या वळणाला ब्रेक केकाटला. दुसऱ्याला अजून जोरात, त्या शांततेत पार समोरच्या डोंगरावरून परत ऐकू आला. आणि मग आवाज बंद झाला.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "बघ, सुकलं." हे वाक्य मी बोललोय, तो साक्षीदार आहे.

पुढच्या वळणाला त्यांचा पाय खाली आलेला दिसला, बूट डांबरावर घासतोय, आणि तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. डावीकडे उतार, उजवीकडे डोंगराच्या बाजूला चर आणि वाळलेलं गवत. बाईंनी डोकं शाबूत ठेवलं. रस्ता रिकामा बघून उजवीकडे कापलं आणि सायकल चरीत घातली. दुसऱ्या कोणी घाबरून हँडल सरळच धरलं असतं. समोरून एखादी गाडी येत असती तर, त्याचा मी पुढे विचार करत नाही.

हेल्मेटला ओरखडा, गुडघा सोललेला, डावं मनगट सुजायला लागलेलं. ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा आणि क्रेप बँडेज लावून हात बांधला. वरच्या बांधावर एक आजी गुरं घेऊन उभ्या होत्या, त्या खाली आल्या, काकूंना पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "मघाधरनं केकाटत येत व्हती ना ती सायकल. तुमाला ऐकू नाय आलं का?"

ऐकू आलं होतं, आजी.

तेवढ्यात पुढचे दोघं वर चढून परत आले. त्यातला एक बघून म्हणाला, राइड कंटिन्यू होईल ना? दीड लाखाची सायकल असते, अक्कल मात्र ॲक्सेसरीजमध्ये मिळत नाही.

मी सायकल व्हॅनवर चढवताना पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मागचा रोटर पुसला. नुसती पॅडची धूळ असेल तर फडकं कोरडं काळं होतं. हे तपकिरी झालं आणि चिकट, आणि नाकाजवळ नेलं तर चेनच्या स्प्रेचा तो गोडसर वास. मागच्याचं समजू शकतो, चेनवर स्प्रे मारला की स्पोकमधून पलीकडच्या रोटरवर उडतो, रोज दोन केसेस येतात दुकानात. पण पुढच्या रोटरचं फडकंही तसंच निघालं. पुढे कुठे आहे चेन? रेझिनचे पॅड स्पंजासारखे असतात, तेल एकदा आत गेलं की घासा, गॅसवर भाजा, व्हिडिओत दाखवतात ते सगळं करा, ते पहिल्यासारखे होत नाहीत. थोडं तेल असलं की ओरडतात. उतारावर तापून वर थर चढला की गप्प होतात आणि नुसते घसरतात. पाण्याचा आवाज आणि तेलाचा आवाज सुरुवातीला सारखाच असतो, पण पाणी गेल्यावर ब्रेक लागतो. त्या चहाच्या टपरीवर सायकल दहा पावलं ढकलली असती तरी कळलं असतं.

लोणावळ्यात हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला, मनगटाला फ्रॅक्चर. अकराच्या सुमारास काका पोचले. आधी बायकोला बघून आले, मग बाहेर व्हॅनपाशी येऊन सायकलवर हात फिरवत उभे राहिले.

"काल रात्री दोन तास बसलो होतो हिच्यावर," ते म्हणाले. "चेनला स्प्रे मारला, आणि त्याच फडक्याने दोन्ही डिस्क अशा पुसल्या की आरसा. तरी असं कसं झालं हो?"

माझ्या खिशात ते फडकं होतं.

मी म्हटलं, "दव होतं काका. आणि मीही सकाळी नीट चेक केलं नाही." दुसरं वाक्य खरं आहे. पहिलं का बोललो, माहीत नाही. काकू आत प्लास्टर घालून घेत होत्या आणि हा माणूस तो आरसा बघत होता, तिथे माझी जीभ वळली नाही. आयोजकाने रिपोर्टमध्ये "रायडरची चूक" असं लिहून विषय संपवला. मी फोन करून ते बदलायला सांगितलं, माझं नाव घाला म्हटलं, तर म्हणे इन्शुरन्सचं लफडं होईल, राहू दे.

तेव्हापासून मी राइडला चौदा सायकलींना चाळीस मिनिटं मागतो, दोन आयोजकांनी त्यावरून बोलावणं बंद केलंय. 

काल रात्री काकांचा मेसेज आला. हिचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय, सायकल तयार ठेवतोय, नवीन ब्रेक पॅड कुठले घेऊ तेवढं सांगा, मी स्वतःच बसवतो, आणि डिस्क पुन्हा एकदा मस्त पॉलिश करून ठेवतो.

दोन निळ्या टिक गेल्यात. अजून उत्तर दिलेलं नाही, फडकं मात्र दुकानात ड्रॉवरमध्ये आहे.