तुम्ही विचारलंत म्हणून: "एवढ्या उन्हात घोडा काढता, त्याला त्रास नाही होत?"

होतो. पण किती होतो ते मोबाईलवरचं टेंपरेचर बघून कळत नाही, हे सांगून सांगून थकलोय. पुण्यात मे मध्ये ३९ असलं तरी हवा कोरडी, घाम वाळतो, घोडा गार होतो. अलिबागला ३२ च असतं पण दमट, घाम नुसता गळतो आणि अंग तापलेलंच राहतं.

आमच्याकडे एक थरोब्रेड होता, म्हणजे शर्यतीची विलायती जात, रेसमधून सुटलेला. ऑक्टोबरात अलिबागच्या तबेल्यात बाकीच्यांच्या मानेवर फेस, आणि हा कोरडाठाक. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, कौतुकाने म्हणाला, बघा साहेब, याला दमच लागत नाही. अरे लागला होता! नाकपुड्या फाकलेल्या, बरगड्या भात्यासारख्या, रपेट थांबवून अर्धा तास झाला तरी श्वास खाली येईना. थर्मामीटर लावला तर ४०.६, एरवी ३८ च्या आसपास असतं. मी पाइप धरला तर चार जण धावले, गरम अंगावर गार पाणी नको, घोडा आखडेल. मी ओततच राहिलो, भांडण झालं ते झालंच. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी यावर खूप अभ्यास झाला होता, तापलेल्या घोड्यावर गार पाणी चालतं, फायद्याचंच असतं असं निघालं, पण त्या वेळी तबेल्यात अटलांटा कोणाला सांगणार. डॉक्टर म्हणाले, याच्या घामाच्या ग्रंथी बंद पडल्यात, दमट उकाड्यात काही घोड्यांचं होतं असं, खात्रीचं औषध नाही, थंड कोरड्या हवेत हलवा. हलवला. पुढे थोडा घाम आला, पहिल्यासारखा कधीच नाही.

त्याआधी मीच सांगत फिरायचो की आपले काठेवाडी-मारवाडी जातीचे घोडे उन्हाचेच, लाड लागतात ते विलायती रक्ताला. आता म्हणत नाही. म्हणजे मनात अजून वाटतं, पण माझ्याच मारवाडी घोडीचा श्वास कधी दहा मिनिटात खाली येतो कधी पंचवीस लागतात, ऊन तेच, रपेट तीच, मग जातीचं काय घेऊन बसायचं?

आणि थंडीत झूल का घालत नाही हेही विचारता. कान गार लागले म्हणजे घोडा गारठला असं नसतं हो, खांद्यामागे केसांत हात घालून बघा. अंग कोरडं असेल तर ५ अंशाला पण मजेत उभा असतो, फार तर गवत जास्त टाका, ते पचताना आतूनच ऊब येते. भिजलाय आणि वर वारा सुटलाय तर वेगळं, तेव्हा मीही झूल शोधत पळतो. एरवी घातलेली झूल आमची घोडी दातांनी फाडते. फाटक्या झुली पडल्यात घरी, हव्या असतील तर घेऊन जा, पैसे नकोत.