तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतली सावली

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत मी घरांचे नकाशे काढते. नकाशासाठी आलेला माणूस माझ्या टेबलावरचे इमारतींचे फोटो चाळतो आणि हमखास विचारतो, ‘ताई, या परदेशातल्या घरायचे फोटो पाहून आपल्या गावाले काय भेटते?’ प्रश्न रास्त आहे. घरकुल मंजूर झालेल्या माणसाच्या हातात किमान २५ चौरस मीटरचं घर असतं, स्वयंपाकाची जागा त्यातच. तिथे जगभरातल्या वास्तूंचं काय काम?

मी त्या फोटोंत सावली शोधते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. तेव्हा घराने माणसाला आधी सावली द्यावी, बाकी सगळं नंतर. म्हणून फोटो हातात आला की मी त्याचा काळा भाग बघते. छज्जा किती बाहेर आलाय, त्याची सावली भिंतीवर कुठवर उतरलीय, दारातून आलेला उजेड किती हातांवर संपतो. फोटो बहुतेक वेळा सकाळी नाहीतर संध्याकाळी काढलेले असतात, आणि कलत्या उन्हात कुठलीही भिंत देखणी दिसते. मग मी मनातल्या मनात त्या इमारतीवर दुपारचे दोन वाजवते. दोन वाजता तिथे म्हातारं माणूस बसू शकेल असं वाटलं, तरच फोटो ठेवते.

ठेवलेल्यांतला सगळ्यात लाडका फोटो बुर्किना फासोमधल्या गांदो गावच्या शाळेचा आहे. ती बांधणारे वास्तुकार फ्रान्सिस केरे त्याच गावचे. बर्लिनमध्ये शिकत असतानाच त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून २००१ साली ही शाळा बांधली. पुढे २०२२ साली वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले आफ्रिकी ठरले. शाळेला भिंती मातीच्या विटांच्या आणि वर टिन. आपल्याकडे घरोघरी असतं तेच टिन! पण ते भिंतींवर टेकलेलं नाही. खोल्यांवर मातीच्या विटांचं, फटी ठेवलेलं छत आहे, आणि त्याच्या बऱ्याच वर लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्यांवर, टिन उचलून धरलंय. खोलीतली गरम हवा फटींतून वर जाते आणि टिनाखालच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडते. टिनाची धग थेट डोक्यावर उतरत नाही. शिवाय टिन भिंतींच्या खूप बाहेर आलेलं असल्याने भिंतीही सावलीत राहतात. टिनाखाली उन्हाळे काढलेल्या माणसाला या फोटोचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

हा फोटो मी आमच्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, ‘टिन असं उंच ठेवलं तं वावधनात उडून जाईन, ताई.’ खरं बोलले. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वादळात टिनं उडतात, आणि वारा फोटोत दिसत नाही. मग दोघांनी बसून तोड काढली. उंची थोडी कमी करायची, वाऱ्याच्या बाजूला विटांची जाळी द्यायची, हूक कमी अंतरावर मारायचे आणि कैची भिंतीतल्या सळ्यांना बांधून घ्यायची. फोटोवर मिस्त्रींचा हात फिरला की तो आपल्या गावचा होतो.

येणारे लोकही मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. काचेच्या दर्शनी भिंतीचं घर, आत सोफा, कोपऱ्यात कुंडी. त्यांना मी नाही म्हणत नाही. माणसाला देखणं घर हवंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त विचारते, ‘कापूस कुठं ठेवाल?’ दिवाळीच्या आसपास वेचणीचा कापूस घरात येतो आणि भाव चढायची वाट बघत तिथेच राहतो. एक खोली आढ्यापर्यंत भरते, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते. घरांच्या कुठल्याही चकचकीत फोटोत ही खोली मला अजून भेटलेली नाही. ती आपल्यालाच काढावी लागते: सपरीकडून, म्हणजे ओसरीकडून, वेगळं दार, झोपायच्या खोलीशी संबंध नको.

आणि एक फोटो मी स्वतःहून मागते, तो म्हणजे घरातल्या जुन्या लग्नाचा अल्बम. हळदीच्या फोटोत नवरीच्या मागे अख्खं जुनं घर उभं असतं, कुणी मुद्दाम काढलेलं नसताना. सेलू तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या अल्बमात सपरीचा सागवानी खांब दिसला. बसणाऱ्यांच्या पाठी टेकून टेकून तो एका उंचीवर गुळगुळीत काळा झाला होता. मागे भिंतीत देवळी, दिव्याच्या काजळीने वरून काळवंडलेली. आणि छपरावरच्या कवेलूंमधल्या, म्हणजे कौलांमधल्या, एका काचेच्या कवेलूतून आलेला उन्हाचा पट्टा थेट चुलीपाशी पडला होता. ते घर पाडून झालं होतं. त्या एका फोटोवरून नव्या घराची सपरी किती रुंद ठेवायची ते ठरलं, आणि स्वयंपाकघरावर उजेडासाठी काच कुठे बसवायची तेही. घरातल्या आजींनी फोटोवर बोट ठेवून सांगितलं, ‘इथं बसून मी डाळ निवडत होती.’ ती जागा आम्ही नकाशात आधी आखली, भिंती नंतर.

तेव्हा नकाशासाठी याल तेव्हा मोबाइलमधले फोटो आणाच, मला आवडतात. सोबत अल्बमही आणा, आणि जुनं घर अजून उभं असेल तर पाडायच्या आधी मे महिन्यातल्या दुपारी त्याचा आतून एक फोटो काढून ठेवा.