बाराशेची रेघ

दाजी चांगल्या मनानं बोलले, हे आधी लिहून ठेवतो. उद्या हे वाचताना त्यांच्यावर राग निघायला नको.

जेवणं झाल्यावर विषय आमच्या संभाजीनगरजवळच्या बिडकीनचा निघाला. आमच्याकडं हल्ली दुसरा विषय नसतोच. २०२४ च्या जुलैत टोयोटाचा राज्य सरकारशी करार झाला, वीस हजार कोटींची गुंतवणूक आणि वर्षाला चार लाख गाड्या असे आकडे पेपरात आले. तेव्हापासून पैठण रोडला प्लॉटिंगच्या पाट्या कापसाहून दाट उगवल्यात. दाजींचा हिशोब चालला होता, कुणी घाईत विकलं, कोण थांबलंय, एकराचा भाव कुठं गेला. टोयोटाच्या जीआर यारिस या लहान रॅली गाडीचं मला वेड, म्हणून मधेच माझ्याकडं वळून म्हणाले, "मग आता तुझी ती यारिस बिडकीनलाच बनंल की रं! कशाला रात्र रात्र मोबाईलात बघायलास? जाऊन डोळ्यानं बघून ये."

ताईनं पण विचारलं, "खरंच का रे?"

मी "बघू" म्हणालो आणि हात धुवायला उठलो.

झालं एवढंच. पण तेवढ्यात मला ते खरं वाटून गेलं होतं. फाट्यावर गाड्या वाहणारे लांब कंटेनर उभे आहेत, वरच्या मजल्यावर पांढऱ्या जीआर यारिस, तीन दारांच्या, मागच्या चाकांवरचे फेंडर दंड फुगवल्यासारखे बाहेर आलेले. चहाच्या टपरीवर उभं राहून मी मोजतोय. हे सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं, मग विझलं. आता अकरा वाजून गेलेत, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे आणि झोप नाही. नेमकं काय टोचलं, तेवढं शोधायचंय.

गाडी परवडत नाही म्हणून वाईट वाटलं का? नाही. तो हिशोब कधीच मिटलाय. जपानमध्येच ती चाळीस लाख येनच्या आसपास सुरू झाली होती. तिथून तयार गाडी आणायची तर सीमाशुल्क सत्तर टक्क्यांच्या घरात, त्यावर जीएसटी, त्यावर आरटीओ. त्या आकड्यात आमच्या कॉलनीत फ्लॅट येतो. मी गुणाकार केला, वही मिटली, विषय संपला. हे ते नाही.

ती बिडकीनला बनणार नाही, हे मला आधीपासून माहीत आहे. मग नवीन काय घडलं?

ती कुठं बनते तेही मला माहीत आहे. टोयोटा सिटीतल्या मोतोमाची प्लांटमध्ये तिच्यासाठी वेगळी शॉप आहे, जीआर फॅक्टरी म्हणतात. तिथं कन्व्हेयर नाही. बॉडी एजीव्हीवर, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या ट्रॉलीवर, बसून एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जाते आणि कंपनीच्या निरनिराळ्या प्लांटमधून निवडून आणलेले हात तिच्यावर काम करतात. साध्या यारिसपेक्षा २५९ स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणारे ठिपके, जास्त. दारं, बॉनेट, डिकी ॲल्युमिनियमची, छत कार्बन फायबरचं. तीन सिलिंडर, १,६१८ सीसी, टर्बो. २०२० मध्ये जपानी मॉडेलला २७२ पीएस (हॉर्सपॉवर) होते, २०२४ मध्ये त्याच इंजिनातून ३०४ काढले. चारही चाकांना ताकद, सहा गिअर हातानं टाकायचे, वजन १,२८० किलोच्या आसपास. रॅलीसाठी पाया म्हणून बनवलेली गाडी, आणि कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष, अकिओ तोयोदा, मोरिझो नाव घेऊन ती चालवत होता, हे असं नको, ते तसं करा म्हणून इंजिनियरांच्या मागं लागत होता.

ते २५९ वेल्ड वाचले तेव्हा मी बराच वेळ मोबाईल खाली ठेवून बसलो होतो. वाळूजच्या कारखान्यात आठ तास मी गो-नोगो गेज, म्हणजे तुकडा मापात आहे का ते सांगणारं हत्यार, घेऊन बसतो. हातात तुकडा येतो, तेलकट, अजून गरम, कडेला बारीक बर, म्हणजे धातूची कुसळं. गो बाजू सुळकन आत गेली पाहिजे, नोगो अडली पाहिजे. दोन्ही झालं तर हिरव्या क्रेटमध्ये, नाहीतर लाल. त्यामुळं एखादा वेल्ड वाढवायचा म्हणजे काय असतं, ते मला कळतं. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, वाढतो. तुकडा पकडून ठेवणारं फिक्श्चर बदलावं लागतं. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, गिऱ्हाइकाला दिसणार आहे का हे? दिसणार नाही. कार्पेटखाली, पत्र्याच्या आत. तरी तिथं कुणीतरी २५९ वेळा हो म्हणालं, चार मीटरच्या आतल्या एका लहान गाडीसाठी.

हां. लहान गाडीसाठी. टोचतंय ते इथंच कुठंतरी आहे.

तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे. आपल्याकडं करासाठी छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीच्या आत, डिझेल असेल तर १,५०० च्या आत. २००६ च्या अर्थसंकल्पात ही रेघ आली, कमी अबकारी कर तिच्या आतल्यांना. पुढं जीएसटी आला, रेघ राहिली. सप्टेंबर २०२५ पासून आतल्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४०. यारिस लांबीत पाच मिलिमीटरनं बसते आणि इंजिनात ४१८ सीसीनं अडते. एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नोगो.

आणि ही रेघ मला आजच दिसली असंही नाही. ती माझ्या दारात उभी आहे. आपली एमएच-वीसची स्विफ्ट, २००८ ची, १.३ पेट्रोल. २००५ ला स्विफ्ट आली ती याच इंजिनावर, ८७ बीएचपी. २०१० मध्ये ते काढून १.२ घातलं, एक कारण म्हणजे १,२९८ सीसी रेघेबाहेर पडत होतं. नवीन इंजिन ॲव्हरेजला बरं, गाडी स्वस्त पडते, सगळं कबूल. पण ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांना विचारा. १.३ ला चार हजारांच्या वर जो आवाज सुटतो, तो दुसऱ्यात नाही. पंधरा वर्षं झाल्यावर सगळे म्हणाले भंगारात घाल. मी पासिंग पाच वर्षं वाढवून घेतलं. का, ते घरात कुणाला नीट सांगता आलं नाही. तिच्याशी तेव्हा जे बोलणं झालं ते असू दे.

या स्विफ्टला एक सख्खा भाऊ आहे, स्विफ्ट स्पोर्ट. जपानमध्ये बनायचा. १.४ टर्बो, १४० पीएस, वजन ९७० किलो. हजार किलोच्या आत, आजच्या काळात! लांबी ३,८९० मिलिमीटर, म्हणजे आपल्या कुठल्याही गल्लीत वळेल. स्विफ्ट आपल्या इथं गल्लोगल्ली आहे. शिक्षकाकडं आहे, आडतीवर आहे, ट्रॅव्हल्सला आहे, लग्नात नवरदेवाला आहे. तिचा भाऊ मात्र कधी या देशात विकायला आलाच नाही, आणि २०२५ मध्ये जपानमध्ये त्याची फायनल एडिशन निघून तो बंदही झाला. ती बातमी मी कॅन्टीनमध्ये वाचली. शेजारी कुणाला सांगावं असं वाटलं नाही.

आमच्याकडं गाडीचं एकच माप. किती मोठी. पांढरी असावी, उंच असावी, पुढं काच काळी असावी, सायरन नसला तरी रस्ता सुटला पाहिजे. २०१० साली याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. अजून पाहुणे आले की कुणीतरी ती गोष्ट सांगतं आणि सांगताना छाती पुढं येते. मलाही अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण लहान गाडी घेतली की विचारतात, "सध्या हीच का?" सध्या. म्हणजे परिस्थिती सुधारली की बदलशील. लहान गाडी कुणी आवडली म्हणून, जीव लावून घेईल, हे इथं कुणाच्या डोक्यातच येत नाही. आण्णांनाही... जाऊ दे.

इथपर्यंत लिहिलं आणि पाणी पिऊन आलो.

आता एक दुसरी गोष्ट लिहितो, नाहीतर हे एकतर्फी होईल. अशी गाडी इथं आलीच नाही असं नाही. २०१५ मध्ये फियाटनं अबार्थ पुंतो आणली. आपल्या रांजणगावात बनलेली, १.४ टर्बो, १४५ बीएचपी, एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत. रेघेबाहेरचं इंजिन, तरी त्या किमतीत. रांजणगाव इथून नगर रोडनं सरळ. लोकांनी घेतली का? फारशी नाही. सर्व्हिसचं काय, ॲव्हरेज किती, विकताना काय येईल, हे तीन प्रश्न सगळ्यांनी विचारले आणि दुसऱ्या गाड्या घेतल्या. ज्याच्या घामाचे दहा लाख आहेत तो हे विचारणारच, त्यात त्याचं काय चुकलं? २०१६ ला पोलो जीटीआय आली, तीन दारांची, बाहेरून आणलेली, पंचवीस लाखांच्या वर. शोरूममध्ये पोलो म्हणून आत गेलेला माणूस तो आकडा ऐकून बाहेर आला. पुढं किंमत उतरवली तरी ती रस्त्यावर दिसायची ती क्वचितच. आणि २०२५ ला गोल्फ जीटीआय आली, ५३ लाख, पहिल्या खेपेत फक्त दीडशे, आणि लाँचच्या आधीच सगळ्या बुक. म्हणजे वेडे लोक आहेत देशात. फक्त ते दीडशे आहेत आणि त्यांच्याकडं ५३ लाख आहेत.

टोयोटानं तरी काय करावं? आपल्याकडं तिची हॅचबॅक म्हणजे ग्लान्झा, तीही मुळात मारुतीची बलेनो. यारिस नावाची गाडी २०१८ ला आली होती, पण ती सेडान, तिचा या यारिसशी काही संबंध नाही, आणि २०२१ ला तीही गेली. बिडकीनला येतील त्या चार लाख गाड्या चार लाख लोकांना हव्या असलेल्याच येतील. पैठण, गंगापूर, अंबडच्या आयटीआयमधून बाहेर पडणारी पोरं पुण्याला खोली करून राहतात, चौघं मिळून एका खोलीत. त्यांना घरून डबा घेऊन कामाला जाता येईल. निवडक कारागिरांच्या कन्व्हेयर नसलेल्या शॉपनं तेवढ्या पोरांचं भागत नाही. हे मला मनापासून पटतं. पटत असूनही मघाचं ते गेलेलं नाही.

पुन्हा बघतो. दाजींना वाटलं, कंपनी आली म्हणजे तिचं सगळंच येणार. मलाही तेवढ्यापुरतं तेच वाटलं. माझ्या मनात गाड्यांचे कंटेनर आले खरे, पण त्या चित्रात मी टपरीवर होतो का? आता आठवतो तर त्याच्याही आधी काहीतरी होतं. मी आत होतो. माझ्या हातात गेज होता आणि समोरचा तुकडा त्या गाडीचा होता. कार्पेटखाली जाणारा, कुणाला न दिसणारा, आणि तो बरोबर असलाच पाहिजे असं वरच्या माणसालाही वाटत होतं. गाडी मालकीची हवी असं त्यात कुठंच नव्हतं.

म्हणजे मला ती चालवायची होती त्यापेक्षा तिच्या कामात हात हवा होता. लहान गोष्टीवर कुणी एवढा जीव टाकतंय आणि त्या माणसांमध्ये आपण आहोत, असं. आमच्या शॉपमधले हात त्या कामाला कमी पडले नसते. पलीकडच्या मशीनवरचा मामा बोटानं बर सांगतो आणि मायक्रोमीटर तेच सांगतो. आम्हाला ते काम कधी मिळालंच नाही, म्हणून येतं की नाही हा प्रश्नच निघाला नाही. हे टोचलं. आता कळलं तर थोडं हलकं वाटतंय.

बिडकीनला भरती निघाली की अर्ज करणार आहे. क्वालिटीलाच. तिथं जी गाडी असेल ती असेल, मला तुकडा मोजायला मिळाला की बास. हिला अजून सांगितलेलं नाही, शिफ्टचं आणि पोरीच्या शाळेच्या रिक्षाचं बघावं लागेल.

आणि स्विफ्टचे टायर. पुढचे दोन्ही कडेनं घासलेत, पावसाळ्याच्या आत बदलायलाच हवेत. दुकानदार म्हणाला जुन्या गाडीला स्वस्तातले टाका, कशाला खर्च करता. मी १८५ चे चांगले सांगून आलोय, चारही, शिवाय अलाइनमेंट. पप्प्याचं लर्निंग निघालं की त्याला यावरच शिकवायचं. आधी कॉलनीत, मग बायपासला, आणि हात बसला की एखाद्या सकाळी लवकर दौलताबादवरून खुलताबादच्या घाटात. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर चार हजारांच्या वर गेल्याशिवाय १.३ काय आहे ते त्याला कळणार नाही. मग यारिस त्याला मी सांगतो.