घरगुती पुस्तिका : चित्रं कागदावर का बिघडतात? (टप्पा ३)

१६ पानांची ए५ पुस्तिका, म्हणजे ४ ए४ कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. चाचणी प्रतीत मजकूर स्वच्छ उतरला. अडलं ते चित्रांपाशी.

पान ३. स्क्रीनवर नीट दिसणाऱ्या रेखाचित्राभोवती छपाईत काळा चौकोन. पीएनजीतल्या पारदर्शक पिक्सेलांनाही स्वतःचा रंग असतो, आणि तो बरेचदा काळा असतो. पोस्टस्क्रिप्टला (प्रिंटरला पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या भाषेला) पारदर्शकता कळत नाही; पीडीएफलाही ती १.४ आवृत्तीपासून मिळाली. वाटेत कुठे अल्फा चॅनेल (कुठला पिक्सेल किती पारदर्शक, ही नोंद) गळला, की दडलेला काळा रंग उघडा पडतो. गिंप या चित्रसंपादकात आधी बॅकग्राउंड रंग पांढरा करा, मग लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीखालचं ‘रिमूव्ह अल्फा चॅनेल’ चालवा आणि पुन्हा एक्सपोर्ट करा. क्रम चुकवू नका, कारण अल्फाच्या जागी तोच बॅकग्राउंड रंग भरला जातो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमधल्या ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’नेही चौकोन जाऊ शकतो, पण मग अख्खं पान चित्र होऊन छापतं आणि अक्षरांची धार बोथट होते. तो शेवटचा पर्याय.

पान ७. ४ इंच रुंद जागेत ६४० पिक्सेलचा फोटो, म्हणजे इंचाला जेमतेम १६०. ३०० हवे असतील तर १२०० पिक्सेल लागतात. मूळ फोटो मोठाच होता. वर्डने फाइल सेव्ह करताना तो दाबला. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, ‘इमेज साइज अँड क्वालिटी’ इथे ‘डू नॉट कॉम्प्रेस’वर टिक करा. आधी दाबलेला फोटो त्याने सुधारत नाही. तो काढून मूळ फाइल नव्याने घालावी लागते.

पान १०. हे सगळ्यात चिवट. स्कॅन केलेल्या देवनागरी शीर्षकात शिरोरेषेच्या काठाने राखाडी ठिपके, ‘किं’मधला अनुस्वार वेलांटीला चिकटलेला. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबतं, त्यामुळे तीव्र काळ्या-पांढऱ्या कडेशी असा कचरा साचतो. त्याच फाइलचं पीएनजी केलं तर ठिपकेही जसेच्या तसे येतात. मूळ कागदच ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, थेट टिफमध्ये (तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइलीत) स्कॅन करायचा.

पान १२. फोटोचे रंग निगेटिव्हसारखे उलटे. फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीतली) जेपीईजी होती. एसआरजीबीत (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) बदलल्यावर सरळ झाली.

मुखपृष्ठ बाकी आहे. फोनवरचा उभा फोटो तिथे आडवा पडतोय, म्हणजे फिरवण्याची खूण फक्त एक्झिफमध्ये (फोटोसोबत फाइलीत साठवलेल्या माहितीत) आहे. पिक्सेलच फिरवून पुन्हा सेव्ह करायचा.